हिरव्यांच्या पोटचा निळा

वडिलांच्या हातांचा रंग गेला तेव्हा आम्हाला कळलं, की कारखाना आता उघडणार नाही.

अंबरनाथला कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते रंगखात्यात होते. मनगटापर्यंत हात कधी निळे, कधी मरून, कधी नुसतेच मळकट. ते जेवायला बसले की आई हात बघून सांगायची, "आज जांभळ्याचा माल होता वाटतं." मग गेटला टाळं लागलं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. नखांच्या कडांना तेव्हा अजून निळं होतं. दोन-अडीच महिन्यांनी एकदा ते भाकरी मोडत होते आणि माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. बोटं स्वच्छ होती, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी. दुसऱ्या दिवसापासून आईने डबा भरला नाही. त्यांनीही मागितला नाही.

आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो, दोन खोल्यांत. आई उल्हासनगरहून जीन्स पॅन्टींचे गठ्ठे आणून शिलाईचे उरलेले धागे कापायची. मी शाळेतून आल्यावर तिच्यासमोर बसून तेच करायची. अंथरुणात, पाण्याच्या माठाखाली, कुठेही निळे धागे सापडायचे. माझा शाळेचा स्कर्ट बाबांच्या कारखान्यातल्या बाद मालाचा होता, शाळेच्या निळ्यापेक्षा एक छटा गडद. बाई दर सोमवारी विचारायच्या आणि मी दर सोमवारी सांगायची, की धुतल्यावर फिका होईल. बाबांनी लावलेला रंग तो, फिका कसला होतोय. घरात बाबा सातवी, आई चौथी आणि मी आठवीत. म्हणजे घरातली सगळ्यात शिकलेली मीच होते, आणि मला ते माहीत होतं.

टाळं लागल्यावर कारखान्यातून बाबांनी एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे लव्हबर्ड्सचा पिंजरा. छोटे पोपट असतात ते. त्यांचं खरं नाव वेगळं आहे हे मला कॉलेजात कळलं, पण आमच्याकडे सगळे लव्हबर्ड्सच म्हणतात. रंगखात्याच्या साहेबांनी हौसेने पाळलेली हिरवी जोडी होती. साहेब गेले, टाळं लागलं, आणि वॉचमन बाबांना म्हणाला, घेऊन जा, इथे दाणा कोण टाकणार. बाबा हातात पिंजरा धरून चालत घरी आले. आई दारातच म्हणाली, "आपलं भागत नाही, आणि यांना काय घालणार?" ते म्हणाले, "राळे खातात. मूठभर."

त्या जोडीने मडक्यात अंडी घातली. लव्हबर्ड्सना घरटं म्हणून पिंजऱ्यात मडकं टांगतात, बाजूने भोक पाडलेलं. पिल्लं निघाली ती लाल, उघडी, आंधळी. आई म्हणाली, "देवा, ही जगणार कशी." नेमकं तेव्हाच आम्हाला गावी लग्नाला जावं लागलं, दोन दिवस. शेजारच्या सिंधी आंटीकडे किल्ली दिली. आंटीचा नवरा वारला होता आणि ती घरी पापड लाटायची. चाळीच्या गॅलरीत तिचे पापड वाळत असत, आणि त्यांवरून उडी मारून जायला आम्ही सगळी पोरं शिकलेलो होतो. ती म्हणाली, "जाओ भाभी, फिकर नहीं. दाना-पानी मैं देखेगी."

आम्ही आलो. आठवड्याभरात पिल्लांना पिसं फुटायला लागली. तीन हिरवी. चौथं निळं.

निळं म्हणजे आकाशासारखं, पोटाशी पांढुरकं, कुठेही हिरव्याचा अंश नाही. बाबांनी ते तळहातावर घेतलं आणि खिडकीशी नेलं. रंग ते नेहमी दिवसाच्या उजेडातच बघायचे, बल्बखाली छटा खोटी दिसते म्हणून. बराच वेळ बघून म्हणाले, "हे आपलं नाही."

आई म्हणाली, "आपलं नाही म्हणजे?"

"आई हिरवी, बाप हिरवा. निळं कुठून येईल? कोणीतरी बदललंय."

आईच्या हातात धागे कापायची कात्री होती. ती तिने खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा कात्री उचलली.

आता सांगायला हवं. माझे डोळे घारे आहेत. आईचे काळे, बाबांचे काळे, आईच्या माहेरी सगळ्यांचे काळे. बदलापूरला मांजर्लीत माझी आत्या राहायची. ती मला लहानपणापासून 'घारी' म्हणायची. ते लाडाचं नाव आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. दरवेळी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "ही कोणावर गेली बाई? आमच्यात तर कोणी नाही." आई तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी आणायला उठायची. दरवेळी उठायची. बाबा हो म्हणायचे नाहीत की नाही म्हणायचे नाहीत.

निळ्या पिल्लाच्या दिवशी मी तेरा वर्षांची होते, आणि आई दरवेळी का उठते ते मला त्या दिवशी कळलं. किंवा कळलं असं वाटलं. बाबा पिल्लाबद्दलच बोलत होते का, हे मला तेव्हा समजलं नाही. विचारायची सोय नव्हती. मी आरशात बघायची, मग मडक्यात बघायची. माझा बाप माझाच आहे का, हा प्रश्न मनात आला की मी धागे जोरात कापायची. एकदा पॅन्टच कापली.

बाबांनी आंटीला विचारलं. विचारलं म्हणजे गॅलरीत, चारजणांसमोर. "तुम्ही पिल्लू बदललंत का?"

आंटीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "भाईसाब, मेरे पास पंछी है क्या, जो मैं बदलेगी?"

"तुमच्याकडे नसेल. बाजारातून आणलं असेल."

"क्यों?"

माणूस हिरवं पिल्लू चोरून त्याच्या जागी निळं का ठेवेल, हे बाबांनाही सांगता येईना. पण मागेही हटेनात. आंटी पापड गोळा करून आत गेली आणि त्यानंतर आमच्या दारासमोर पापड घालेनाशी झाली. पाच वर्षं ती बाबांशी बोलली नाही. आईशी बोलायची, पण हळू आवाजात.

निळी मोठी झाली. ती मादी होती. उल्हासनगरच्या बाजारात पक्षी विकणारा एक जण होता, बाबांनी तिला त्याच्याकडे नेलं. तो म्हणाला, हिरवे कोणीही देतो, निळ्याला गिऱ्हाईक आहे, लाल डोळ्यांच्या पिवळ्याला त्याहून आहे, आणि लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र कोणी आणला तर मी त्याला खुर्ची देईन बसायला. बाबा निळीला घेऊन परत आले आणि येताना लाल डोळ्यांचा एक पिवळा नरही घेऊन आले. आईला म्हणाले, "रंगाचं काम माझं आहे. पांढरा काढून दाखवतो."

त्या दिवसापासून ते पुन्हा कामावर जाणाऱ्या माणसासारखे सकाळी अंघोळ करून बसायला लागले.

त्यांचं सगळं गणित रंगखात्याचं होतं. निळ्यात पिवळं घातलं की हिरवं होतं. हिरव्यातून पिवळं काढलं की निळं उरतं. दोन्ही काढलं की पांढरं. यात चूक काहीच नव्हती, हे मला पुढे कळलं. लव्हबर्डचं हिरवं खरोखरच निळ्यावर चढलेलं पिवळं असतं. पण कापडाला रंग बुडवून लावतात, आणि पक्ष्याला कुठे लावतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

निळी आणि पिवळा यांची पिल्लं झाली. काही हिरवी. बाबा खूश, "बघ, मिसळलं." पण बाकीची लाल डोळ्यांची पिवळी, अगदी बापासारखी. बाबा कपाळाला हात लावून बसले. "अर्ध्या मालाला रंग लागलाच नाही." पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. सहा-सात महिन्यांनी पिल्लांच्या चोचीवरच्या गाठीचा रंग पक्का झाला, नर-मादी ओळखू यायला लागले, आणि मी माझ्या वहीत लिहिलं ते असं: सगळ्या पिवळ्या माद्या, सगळे हिरवे नर. मुली बापावर. मुलगे ना आईवर ना बापावर.

हे वाक्य लिहून मी वही मिटली. मुली बापावर जातात तर मग माझं काय, असं मला वाटलं. मी किती गोंधळलेली होते ते यावरून कळेल.

आता बाबांना पिवळ्याचा रंग उतरवायचा होता. सगळ्यात फिक्या पिवळ्याला फिका पिवळा जोडायचा, त्यांच्यातून आणखी फिका निवडायचा. मी म्हटलं, घरातलेच दोन लावून बघू, हा हिरवा आणि ही पिवळी. आई लगेच म्हणाली, "सख्खी भावंडं आहेत ती. माझ्या घरात हे चालायचं नाही."

बाबा म्हणाले, "अगं, पक्षी आहेत."

"पिंजरा देवघराच्या शेजारी आहे. मला सकाळ-संध्याकाळ दिवा लावायचा असतो तिथे."

तो विषय संपला. आमच्या घरात पक्ष्यांचीही सोयरीक बघून व्हायची. बाबा बदलापूर, अंबरनाथ, कुठून कुठून परक्या घरचे पिवळे नर अदलाबदलीने आणायचे. दोन वर्षं आमच्याकडे पिवळ्यातून पिवळे निघाले. फिके, गडद, पण पिवळेच. हिरव्यांचं तर काही कामच नव्हतं. एका दिवाळीत आईने आंटीला फराळाचं ताट दिलं, आणि ताटाबरोबर एक हिरवा नर. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दे. ना आईवर ना बापावर, ठेवून काय करायचाय." आंटीने त्याला सोबत म्हणून बाजारातून एक निळी मादी आणली. मुद्दाम निळी आणली, असं आई म्हणायची. पिंजरा आमच्या भिंतीला लागून टांगला.

मी बारावी झाले. आत्या म्हणाली, आता स्थळं बघा, रंग उजळ आहे, डोळे काय, कोणी विचारलं तर बघू. बाबा म्हणाले, "कॉलेजात जाते म्हणते, जाऊ दे." आमच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी ते कोणाला सांगत सुटले नाही, पण चालताना मान वर असायची.

दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर चौकोन काढले. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. दोन उंच झाडांच्या पोटी बुटकं झाड येतं, कारण बुटकेपण दोघांच्यात लपलेलं असतं, दिसत नाही इतकंच. वर्गात सगळे उतरवून घेत होते. मी उतरवून घेतलं नाही. मला मडकं दिसत होतं.

तास संपल्यावर मी वही घेऊन गेले. मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"आमच्या घरचे पक्षी आहेत, मॅडम. पाच वर्षांचे."

त्यांनी वही आठ दिवस ठेवून घेतली. परत देताना म्हणाल्या, "मीच गोंधळले होते. पक्ष्यांचं उलटं असतं. काही रंग मुलीला फक्त बापाकडूनच मिळतात, म्हणून पिवळ्या सगळ्या मुली. आणि हे जे हिरवे मुलगे आहेत ना, ज्यांच्यापुढे तू 'निरुपयोगी' लिहिलंयस, त्यांच्यात आईचं निळंही आहे आणि बापाचे लाल डोळेही. दिसत नाहीत. निळ्या मादीशी जोड, आठातलं एखादं पांढरं निघेल. कुठे आहेत ते?"

मी म्हटलं, "एक दिवाळीला शेजारी दिला. बाकीचे बाजारात गेले."

त्या हसल्या. मग मी विचारलंच. "मॅडम, माणसाच्या डोळ्यांचं असंच असतं का?"

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि मी कशाबद्दल विचारतेय ते त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "पुस्तकात सोपं करून लिहिलंय. तितकं सोपं नाही, मलाही सगळं सांगता येणार नाही. पण काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होतं. होत असतं. त्यात काही नवल नाही."

घरी येऊन मी बाबांना चौकोन काढून दाखवले: आत निळं लपलेले दोन हिरवे, आणि त्यांच्या चार पिल्लांत एक निळं. ते चष्मा लावून बघत राहिले. "चारात एक म्हणजे दर चौथं अंडं निळं?"

"तसं नाही. चारही हिरवी येतील, किंवा दोन निळी येतील."

"मग चारात एक कसं?"

मला ते नीट समजावता आलं नाही. खरं सांगायचं तर मला तरी तेव्हा कुठे कळलं होतं. ते म्हणाले, "आमच्या शेड कार्डावर रंगाचं माप असं लिहिलं असतं तर साहेबाने हाकललं असतं." पण कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. आंटीकडच्या हिरव्याला आणि निळीला पिल्लं झालीत का, जाऊन विचारा, असं मी म्हटलं. गेले नाहीत. पाच वर्षांपूर्वीचं ते तोंड घेऊन जाणार कसे.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. "भाभी, जल्दी आओ. इसकी आँख में खून है."

आई गेली, मागून मी. आंटीच्या मडक्यात पाच पिल्लं होती. चौघांच्या पापण्यांखाली काळे ठिपके दिसत होते, पाचव्याच्या लाल. आंटीला वाटलं आजारी आहे, हळद लावू का विचारत होती. मी बाबांना हाक मारली. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आंटी म्हणाली, "आओ भाईसाब, अंदर आओ. नहीं तो बाद में बोलेंगे मैंने बदला."

ते आत आले. पिल्लू बघितलं. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी आंटीच्या खोलीत खिडकीशी उभं राहून ते पिल्लू हातात घेऊन बघायचे. आंटी त्यांना बसायला पाट द्यायची, चहा द्यायची. पिसं फुटली. पांढरी. निळं नाही, पिवळं नाही, काही नाही.

त्या दिवशी आईही तिथे होती, पापडाचं पीठ कुटायला मदत करत. बाबा पिल्लू मडक्यात ठेवून म्हणाले, "चूक माझी झाली. तेव्हा मी बोललो, ते बोलायला नको होतं."

आंटी म्हणाली, "जाने दो. पाँच साल मेरा पापड आपके घर के पाँव से बचा."

बाबा तिच्याशी बोलत होते, पण बघत आईकडे होते. आईने वर बघितलं नाही. हातातलं पीठ मात्र तिने नुसतंच कुटत ठेवलं, आंटीने "बस भाभी, हो गया" म्हणेपर्यंत.

भाऊबिजेला आम्ही मांजर्लीला आत्याकडे गेलो. आंटीने ती पांढरी एका छोट्या पिंजऱ्यात घालून दिली, "दिखाओ बहन को." आत्याच्या घरी सगळी जमलेली. मागे नदी, भिंतीवर मागच्या पुराच्या ओलीचा डाग अजून तसाच. ओवाळून झालं. पांढरी सगळ्यांना फार आवडली. मग आत्याने सवयीने माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. "ही घारी मात्र कोणावर गेली देव जाणे." आई उठायला लागली.

बाबा म्हणाले, "बस गं." आई बसली. मग आत्याला म्हणाले, "माझ्यावर गेलीय."

"तुझे डोळे कुठे घारे आहेत?"

"दिसत नाहीत. असतात आत. हिच्या कॉलेजात शिकवतात ते." खिशातून त्यांनी तो कागद काढला. एव्हाना तो घड्यांवर फाटायला आला होता. "या पांढरीचा बाप हिरवा आहे. मीच देऊन टाकायला सांगितलं त्याला, निरुपयोगी म्हणून. आता बोल."

आत्या कागद उलटसुलट करून बघत राहिली. आत्याचे यजमान मध्येच म्हणाले, "तुमच्या आजीचे होते म्हणे घारे."

आत्या म्हणाली, "तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कसले होते कोणाला ठाऊक."

बाबा म्हणाले, "तेच म्हणतोय मी. आपल्याला कुठे ठाऊक आहे."

आत्याने कागद परत दिला आणि मला करंजी दिली, मोठी बघून.

बाबांच्या आजीचे डोळे कसले होते ते मला आजही माहीत नाही. मॅडमचे चौकोन माणसाला पुरत नाहीत, हे पुढे मी स्वतः वाचलं, आणि जितकं वाचलं तितकी पुन्हा गोंधळले. पण आत्याने त्यानंतर मला कधी घारी म्हटलं नाही, आणि आई तिथून कधी उठून गेली नाही.

पुढच्या वर्षी त्याच हिरव्यापासून आणखी दोन पांढऱ्या झाल्या, त्यातली एक बाबांनी बाजारात नेली आणि पक्षीवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याच्या पुढच्या वर्षी मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव होतं, आणि ते बाबांनी खिडकीशी नेऊन, दिवसाच्या उजेडात वाचलं.